रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरे

नागिणीचे फोड सुकतात, खपल्या पडतात. पण काही रुग्णांची, विशेषतः वृद्धांची, त्या जागेची आग महिनोन्‌महिने थांबत नाही. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. तपासण्या नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, 'सोंग आहे सगळं.' मला हे मुळीच मान्य नाही.

आपल्या मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी असतात. नसेला इजा झाली की त्या जाग्या होतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे वेदनेला आवर घालणारी यंत्रणा ढिली पडते, असे २००३ व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत दिसले. चोर पळाला तरी राखणदार ओरडतच राहावा, तसे हे.

या पेशींवर नेमके चालणारे औषध माणसांसाठी अद्याप हाती आलेले नाही. तरीही रोज दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका. नसांच्या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. जठर व मूत्रपिंडे मात्र बिघडू शकतात. अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिनसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

आणि घरच्यांनी रुग्णाचे म्हणणे आधी खरे मानावे. दुखणे लपवत बसलेला रुग्ण उपचाराला उशिरा येतो.