दोरा सैल सोड
थंडीची चाहूल लागली, की अजिंठ्याच्या डोंगरावरच्या आमच्या बुलढाण्यात गच्च्यांवर गोधड्या उन्हात पडतात. या आठवड्यात शेजारची पोरगी आजीजवळ गोधडी शिकताना दिसली. टाके नेटके, पण दोरा ओढून ओढून कापडाचा पार चोळामोळा! "सैल सोड माय," आजी एवढंच म्हणाली. खरी मेख तिथेच आहे. धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यांचे थर आधी कच्च्या टाक्यांनी टाचायचे, मग कडेने फिरत मधोमध येईतो धावदोरा घालायचा. नायलॉनची साडी आत नकोच. ती घाम टिपत नाही. टाका जरा वाकडा गेला तर जाऊ द्या. पहिल्या धुण्यात सुती दोरा आटतो, टाक्यांमधलं कापड फुगतं आणि पोत उठून येतो. त्याआधी गोधडीला नावं ठेवणाऱ्यांचं मी मुळीच ऐकत नाही.