बाळ सुखरूप आहे, मग रडतेस कशाला?

बाळंतपण अवघड गेलेल्या बाईला आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: ‘बाळ सुखरूप आहे, तूही बरी आहेस, मग रडतेस कशाला?’ बोलणाऱ्याच्या मनात बहुधा मायाच असते. तरीही हे वाक्य खोडून काढायलाच हवं. शेवट गोड झाला हे खरं; पण तिथवर पोचताना ‘आता मी मरते’ असं तिला वाटलं, किंवा जन्मलेलं बाळ रडेना म्हणून तिच्या काळजाचं पाणी झालं, हेही तितकंच खरं. मोटार अपघातातून वाचलेला माणूस पुढे गाडीत बसायला घाबरला, तर ‘हातपाय शाबूत आहेत ना?’ म्हणून त्याला कुणी गप्प करत नाही. शिवाय बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असं म्हणणारे हेच लोक. पुनर्जन्म मानायचा, तर मरण जवळून गेलं हेही मानावं लागतं.

वैद्यकशास्त्रालाही हे उमगायला वेळ लागला. आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली. तेव्हाची अट अशी, की घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडची हवी. बाळंतपण तर घरोघरी होणारं. ते या अटीत बसणार कसं? १९९४ मध्ये ती अट गेली. पुढे शेरिल बेक या परिचारिका-संशोधिकेने २००४ साली दाखवून दिलं, की डॉक्टरांच्या लेखी अगदी नेहमीसारखी झालेली प्रसूतीही बाईच्या लेखी भयंकर असू शकते, आणि आघात झाला की नाही हे तिच्याच नजरेतून ठरतं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की शंभरातल्या सुमारे चार बाळंतिणींना हा विकार होतो. गुंतागुंत झालेल्यांत हे प्रमाण अठराच्या पुढे जातं. त्यांना लेबर रूम पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर दिसते, जंतुनाशकाच्या वासाने घाम फुटतो, दवाखान्यावरून जाणारा रस्ता टाळला जातो, दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की छातीत धडधडतं. बाळाचा वाढदिवस हीच त्या प्रसंगाची तिथी असते, त्यामुळे घरात फुगे लागतात तेव्हा ही आत कोसळलेली. हे बाळंतपणानंतरचं नैराश्य नव्हे. दोन्ही एकत्र येऊ शकतात, पण उपचार सारखेच नाहीत, आणि ‘डिप्रेशन आहे’ म्हणून गोळी देऊन मोकळं होणाऱ्यांना हा फरक कळलेला नसतो.

यावर ठरलेला आक्षेप: ‘आमच्या आज्या-पणज्यांना कुठे होती थेरपी?’ नव्हती. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, म्हणून त्यांना त्रास नव्हता असा अर्थ काढायला आपण मोकळे झालो. मात्र या आक्षेपात एक गोष्ट आहे, ती मी झटकणार नाही. आजी बाळंत झाली तेव्हा उशाशी आई होती, ओळखीची सुईण होती. पुढे पहाटे जात्यावर बसून मनातलं ओवीत घालायची सोय होती. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. तेव्हा बाळंतपणात बायका मरायच्या, आणि ते पुष्कळ कमी केलं दवाखान्यांनीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या जवळपास ९५ टक्के प्रसूती आता दवाखान्यात होतात, हे चांगलंच झालं. पण त्या दाराशी उशाजवळची बाई बाहेर राहिली, आणि जातंही गेलं. घरी आल्यावर शेक, मालीश, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं साग्रसंगीत होतं. त्या चाळीस दिवसांत तिने काय पाहिलं ते सांगायला मात्र जागा नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ‘बोलून जखम उकरायची कशाला?’ यात निम्मं तथ्य आहे. प्रसूतीनंतर लगेच बाईला बसवून, एकाच बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा जगायला लावणं, असं काही करू नका, असं ब्रिटनची ‘नाइस’ ही मार्गदर्शक संस्थाच बजावते. बहुतेक जणी आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात, त्यांना थेरपिस्टकडे ढकलण्याचं कारण नाही. ज्यांचा त्रास महिना उलटूनही हटत नाही, त्यांच्यासाठी जी थेरपी आहे ती उकरणं नव्हे. अँके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलं, की अशी आठवण तुकड्यातुकड्यांत राहते, तिला काळाचा शिक्का लागत नाही. म्हणून ती आठवत नाही, पुन्हा घडते. समजा, रक्तस्राव थांबेना म्हणून एकीला घाईघाईने ऑपरेशनला नेलं. भूल चढताना शेवटचा विचार होता, ‘बाळाला आई राहणार नाही.’ शुद्धीवर आल्यावर बाळ कुशीत होतं, पण तो विचार तिथेच अडकून राहिला. थेरपिस्ट आधी तिला पाय जमिनीवर टेकवून आत्ताच्या खोलीत परत यायला शिकवते. मग प्रसंग सुरुवातीपासून शेवटापर्यंत, तिच्या वेगाने, क्रमाने लावला जातो. त्या एका क्षणापाशी थांबून आज ठाऊक असलेली गोष्ट तिथे जोडली जाते: मी वाचले. ‘मी वेळेवर दवाखान्यात गेले नाही, माझीच चूक’ हा आरोपही तिथे तपासायला निघतो, आणि पुष्कळदा पुराव्याअभावी सुटतो. दुसरी पद्धत ईएमडीआर, फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेली: आठवण मनात धरून डोळ्यांनी हलत्या बोटाचा माग घ्यायचा. त्यात डोळे हलवण्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तरी पीटीएसडी झालेल्या प्रौढांसाठी या दोन्ही पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातला, आणि मला सर्वांत जवळचा. कार्यकर्त्या म्हणतात, ‘आधी लेबर रूम सुधारा, थेरपी म्हणजे व्यवस्थेचा गुन्हा बाईच्या डोक्यात शोधणं.’ कळा देणाऱ्या बाईला ‘तेव्हा नाही ओरडलीस?’ म्हणून हिणवलं जातं, न सांगता टाके घातले जातात, हे थेरपीने कसं थांबणार? थांबणार नाही. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी केंद्राने २०१६ मध्ये दिली, २०१७ मध्ये लेबर रूम सुधारण्यासाठीचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला. ते कागदावरून खाटेपर्यंत यावं म्हणून भांडलंच पाहिजे. पण गेल्या वर्षी जिला लागलं, तिने सुधारणा पुऱ्या होईपर्यंत रात्री जागून काढायच्या का? शिवाय सावरलेली बाईच तक्रार लिहू शकते. जिला तो वॉर्ड आठवूनच श्वास अडकतो, ती अर्जावर सही करायला तिथे जाणार कशी?

राहिला पैशाचा मुद्दा. खासगी थेरपीची फी अनेक घरांना झेपत नाही, आणि अशा आघातावर शिकलेले थेरपिस्ट मोठ्या शहरांबाहेर सापडणं कठीण, हे मान्य. मानसिक उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यात आहे. १४४१६ या ‘टेलि-मानस’ सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर २०२२ पासून मोफत बोलता येतं. फोनवर थेरपी पुरी होत नाही, पण पहिलं दार उघडतं.

याहून जवळचं दारही आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची रीत उभी केली. २०११ पासून त्याच धर्तीवर देशभर आशाताई दवाखान्यातून आलेल्या बाळ-बाळंतिणीकडे सहा वेळा येतात, शेवटची भेट ४२ व्या दिवशी. पीटीएसडीचं निदान करायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात, म्हणजे ही शेवटची भेट अगदी नेमक्या वेळी पडते. बाळाचं वजन करून झालं, सासूबाई चहा टाकायला आत गेल्या, की आशाताईने एवढंच विचारावं: ‘त्या दिवसाचं अजून काही डोळ्यांसमोर येतं का गं?’ उत्तर ‘हो’ आलं, तर तिला कुठे पाठवायचं हे आशाताईच्या वहीत आधीच लिहिलेलं असावं.