कोटेशन आणा!

परवा पुतण्या घरी आला. दोघा मित्रांबरोबर त्याला एक नवं उपकरण बाजारात आणायचं आहे. ते नेमकं कुणासाठी, हे अजून ठरायचं आहे. पण थ्री-डी प्रिंटर कोणता घ्यायचा आणि आराखड्यासाठी सॉफ्टवेअर कोणतं, यावर गडी तासभर बोलत होता. "काका, साधनं उत्तम हवीत," म्हणाला. मी मान डोलावली आणि मला १९९६ सालची एक फाइल आठवली.

तेव्हा मी औद्योगिक वसाहतीतल्या एका शाखेचा मॅनेजर होतो. एक तरुण घरगुती पिठाच्या गिरणीचा नमुना घेऊन आला. प्लायवुडचं खोकं, जुन्या बाजारातली मोटर आणि पिठासाठी चक्क बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पण दळत होती झकास! मागणंही माफक होतं. अशा दहा गिरण्या करायच्या, दहा घरांत सहा महिने ठेवायच्या, बायकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि मग मॉडेल पक्कं करायचं. मी म्हटलं, "तक्रारींवर कर्ज मिळत नाही. मशिनरीचं कोटेशन आणा." हे वाक्य मला तेव्हा फार चटकदार वाटलं होतं.

बँकेची रीतच तशी. मशीन तारण घेता येतं, त्याच्यावर बँकेच्या नावाची पाटी ठोकता येते, वेळ आली तर जप्त करता येतं. चाचणीचं काय जप्त करणार? पोरगा निमूटपणे पॉवर प्रेसचं आणि पत्र्याच्या बॉडीच्या डायचं कोटेशन घेऊन आला. कर्ज मंजूर झालं.

नमुन्याची गिरणी त्यानं आमच्याकडे वापरायला ठेवली होती. एका सकाळी सौ. म्हणाली, "अहो, त्या मुलाला सांगा, डब्याखालच्या खाचेत पीठ सांडतं आणि तिथं हात जात नाही. पावसाळ्यात किडे होतील." डायची ऑर्डर अजून जायची होती. मी हसलो आणि ऑफिसला गेलो. त्याला सांगितलं नाही.

पावसाळ्यात गिरण्या परत येऊ लागल्या. खाच काढायची तर सगळी डाय नवी हवी. दोन वर्षांत खातं थकलं, प्रेसचा लिलाव झाला. माझ्या फाइलवर इन्स्पेक्शनमध्ये एकही शेरा आला नाही.

याच्या उलट जयपूर फूटची कथा. १९६८च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. विलायती धर्तीचा पाय बुटात घालायचा. त्यानं उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना, शेतात अनवाणी चालता येईना. या जोडीनं साधनं निवडली ती स्पंज रबर, लाकूड, टायरसारखं व्हल्कनाइझ केलेलं रबर आणि पत्रा ठोकणारे कारागीर. नमुना चुकला तर फार काही बुडत नसे, पुन्हा करायचा. पुढे ॲल्युमिनियमच्या नळीऐवजी एचडीपीईचा पाइप आला, तोही पाण्याच्या पाइपांच्या जातीचा. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मी काही यंत्रांच्या विरोधात नाही. पुतण्याचा प्रिंटर हे आजचं प्लायवुडचं खोकंच होऊ शकेल. पण आज आपल्याला नेमकं काय कळून घ्यायचं आहे, हे आधी ठरायला हवं. मोटर तापते का, हे मीटर सांगेल. पीठ सांडतं का, हे सांगायला स्वयंपाकघर आणि एखादा पावसाळा लागतो. हजारो नग एकसारखे काढायचे ठरले की मग डाय. हा क्रम उद्योजकाला बहुतेकदा ठाऊक असतो. उलटा करायला लावतात ते पैसे देणारे. चुकून पाहण्यासाठी थोडं, विनातारण कर्ज देण्याची सोय प्रत्येक शाखेत असायला हवी, असं माझं आता स्पष्ट मत आहे. निवृत्तीनंतर मतं स्पष्ट होतात, हे मात्र खरं!

तो तरुण पुन्हा भेटला नाही. प्लायवुडची गिरणी न्यायलाही आला नाही. ती पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे चालली. सौ.नं सुताराला बोलावून ती खाच पट्टी मारून बुजवून घेतली होती. त्यानं पंधरा रुपये घेतले.