घराखालची जमीन

भूकंपाची वार्ता आली की आपण प्रथम विचारतो, तो किती रिश्टरचा होता? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु घर तगेल की कोसळेल याचे उत्तर एकट्या त्या आकड्यात नसते. घराखाली खडक आहे की गाळ, वाळू आहे की भराव, हेही तितक्याच निकडीने विचारले पाहिजे.

डहाणू व तलासरी तालुक्यांस हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने अनेक कुटुंबांस ऐन थंडीत घराबाहेर रात्री काढावयास लावल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी भयाने पळताना पडून दोन वर्षांची एक बालिका दगावली.

धुंदलवाडीकडील डोंगराळ मुलूख बेसाल्ट खडकाचा. किनाऱ्यावरील चिखल्यासारख्या गावांची गोष्ट निराळी. तेथे वाळू, गाळ आणि उथळ भूजल यांची गाठ पडण्याचा संभव अधिक. अशा मऊ थरात शिरताच भूकंपलहरींचा वेग मंदावतो व आंदोलन मोठे होते. जमिनीच्या हेलकाव्याचा ठेका इमारतीच्या डोलण्याशी जुळला, तर नेमक्या क्षणी झोका दिलेल्या झोपाळ्याप्रमाणे ते डोलणे वाढत जाते. पाण्याने भरलेली सैल वाळू तर काही काळ द्रवासारखी वागते. १९६४ साली जपानमधील निगाता येथे पक्क्या इमारती न मोडता तशाच कलंडल्या, त्या यामुळेच. १९८५ साली मेक्सिको शहरापासून ३५० किलोमीटरांहून दूर झालेल्या भूकंपाने तेथील जुन्या सरोवराच्या गाळावरील इमारती पाडल्या. खडकावरील वस्तीस मात्र फारशी झळ लागली नाही. २००१ साली भूजच्या भूकंपात अहमदाबादेतील बहुमजली घरे कोसळली, त्यांत मोकळ्या तळमजल्याच्या दोषाइतकाच साबरमतीच्या गाळाचाही वाटा होता.

वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. या किनाऱ्यावर आता बांधकामे वाढणार, हे उघड आहे. ती जमिनीची परीक्षा न करता उठणार असतील, तर आम्ही संकटाचीच पायाभरणी करीत आहोत. मऊ जमिनीवर घर बांधूच नये, असे आमचे म्हणणे नाही. एकसंध राफ्ट पाया, कठीण थरापर्यंत नेलेले पाइल, पायांस परस्परांशी बांधणाऱ्या तुळया आणि साध्या घरास जोत्याचा सलग काँक्रीटपट्टा, हे उपाय परिचित आहेत. परंतु कोणता उपाय योजावयाचा, हे माती तपासल्यावाचून कसे ठरणार?

हा खर्च घरकुलात राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाने सोसावा, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. जिल्हा प्रशासनानेच गावोगावच्या जमिनीची तपासणी करून तिचे नकाशे ग्रामपंचायतींच्या हाती द्यावेत. आणि शाळा, रुग्णालये व बहुमजली इमारती यांस मातीच्या अहवालावाचून परवानगी देऊ नये. भूकंपाची वेळ ठरविणे मानवाच्या हाती नाही. पाया खणण्यापूर्वी जमीन पाहणे मात्र सर्वस्वी आहे.