बाकी जुळली तरच इशारा खरा

बुरोंडीच्या मच्छीमारांना खोल समुद्रात उपग्रहाद्वारे वादळाचा इशारा धाडला आणि वाटेत त्यातला एखादा बिट बदलला तर? पालघर येथे 30 ऑगस्ट 2024 रोजी सुरू झालेल्या योजनेत 1 लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवायचे ठरले. त्यामुळे हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा उरलेला नाही.

इस्रोच्या 'नाविक' प्रणालीत 292 बिटांच्या प्रत्येक संदेशखंडात 24 बिट निव्वळ पडताळणीचे असतात. ठरलेल्या भाजकाने भागून उरणारी ही बाकी; ती जुळली नाही, की खंड बाद. येथे एकेक बिट तपासणारे मंडल पुरते. वेगवान जाळ्यांत मात्र एका ठोक्यात अनेक बिट तपासावे लागतात. ग्यानबाची मेख भाजकात आहे. तो चिपवर कायमचा कोरला, तर मानक बदलताच यंत्र निरुपयोगी! पूर्णतः पुनर्रचनाक्षम चिप होडीच्या बॅटरीला जड जाईल. भाजक तेवढा बदलता येणारे मंडल पुरेसे आहे. ती अट खरेदीच्या निविदेतच हवी.