नदीचा फोटो हा आपला प्रश्न नव्हे?

'एवढ्या लांब गेलीस आणि नदीचे फोटो काढून आलीस?' आमच्या गटाच्या बैठकीत एक मैत्रीण हसत हसत म्हणाली. बाकीच्याही हसल्या. मी तेव्हा गप्प बसले, म्हणून आता लिहिते आहे.

मी केरळातल्या सायलेंट व्हॅलीला गेले होते. एकटी. मुक्कालीहून जीपने सैरंध्रीपर्यंत साधारण २३ किलोमीटर, मग पायवाटेने खाली कुंतीपुळा नदीपर्यंत. सदाहरित जंगल, भर दुपारी कातरवेळेचा उजेड, मोज्यांत जळवा. डोंगर कापत नदी ज्या घळीतून मैदानाकडे निघते, तिचा फोटो मला हवा होता. धुकं सरायची वाट बघत अर्धा तास नुसती बसले. 'जेवायला काय?' असं कुणी विचारलं नाही. असा अर्धा तास याआधी कधी मिळाला होता, ते मला आठवेना.

जीपमधल्या सहप्रवाशांना मात्र राहवेना. 'मिस्टर नाही आले?' एकाने तर 'द्या इकडे, नदीसोबत तुमचाच काढतो' म्हणत कॅमेऱ्याला हात घातला. म्हणजे बाईची जागा फोटोत, कॅमेऱ्यामागे नव्हे! होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. तो काळ गेला म्हणतात. मी कॅमेरा दिला नाही.

जागेचं नावही बघा. विराटाच्या घरी दासी होऊन राहताना द्रौपदीने घेतलेलं नाव सैरंध्री. तिथे कीचकाने तिला भर सभेत लाथ मारली आणि सभा गप्प राहिली. याच सैरंध्रीला धरण व्हायचं होतं. आठ चौरस किलोमीटरांहून जास्त जंगल पाण्याखाली गेलं असतं. त्याविरुद्ध उभं राहिलेल्यांत कवयित्री सुगतकुमारी होत्या, ऐंशी ओलांडलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल होत्या. १९८३ साली सरकारने प्रकल्प सोडला. नोव्हेंबर १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, तेव्हा जानकी अम्मल हयात नव्हत्या. त्याच फेब्रुवारीत त्या गेल्या. झाडं आणि माकडं हा बायकांचा प्रश्न आहे का, असं त्यांनाही कुणी विचारलंच असेल.

आता माझी चूक. माझ्या एकाही फोटोत त्याच डोंगरातल्या अट्टप्पाडीच्या इरुळा, मुडुगा, कुरुंबा बायका नाहीत. २०१३ मध्ये तिथली कुपोषणाने दगावलेली बाळं देशभर बातम्यांत आली होती. तरी मी 'निर्मनुष्य' जंगल टिपून आले. फोटो अर्धाच आहे, असं म्हणा; ते मला झोंबेल आणि मी ऐकेन. पण 'बाईला ही चैन कशाला?' हा सवाल सासूबाईंचा आहे, चळवळीचा नव्हे. (सासूबाईंनाही तो कुणीतरी शिकवलेलाच.) आपण बाईच्या मजुरीचा हिशेब मांडला, घरकामाच्या तासांचाही मांडला. तिच्या रिकाम्या बसण्याचा हिशेब कुठल्या ठरावात आहे, दाखवा.

पुढच्या शिबिराची सत्रं भरली आहेत, ठाऊक आहे. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास द्या, फोटो घेऊन येते. भांडी त्या दिवशी मागाहून घासू.