तिसरी प्रत जपून ठेवा



विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही काही मंडळी मिळून करतो. यादी एकच, पण तिची एक प्रत नांदेडला आणि दुसरी लातूरला. दुरुस्त्या दोन्हीकडे चालू. एकदा लातूरहून आलेली यादी आम्ही नांदेडच्या यादीवर तशीच उतरवली. नांदेडने नव्याने घातलेले एका मुलीचे नाव त्यात पुसले गेले. ध्यानात आले तेव्हा मुदत टळून गेली होती. तिच्या आईसमोर आम्हाला मान वर करता आली नाही.

चूक आमचीच. पण नुसत्या दोन याद्या शेजारी ठेवूनही ती कळली असती का? एका यादीत नाव आहे, दुसरीत नाही. मग ते इकडे नव्याने घातले की तिकडे कोणी खोडले? हे सांगू शकते फक्त तिसरी प्रत, म्हणजे दोन्ही याद्या जिच्यावरून निघाल्या ती जुनी यादी. आम्ही ती फेकून दिली होती.

संगणकवाल्यांना हा प्रश्न फार आधी पडला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकात ‘आर.सी.एस.’ हे साधन तयार केले. फायलीची प्रत्येक आवृत्ती ते जपून ठेवते आणि जुनी प्रत आधाराला घेऊन दोन आवृत्त्या एकत्र करते. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ आणले. ते फुकट मिळते आणि टर्मिनलवर आज्ञा टंकून चालते.

लातूरचे बदल ‘लातूर’ नावाच्या शाखेत नोंदवावेत. मग नांदेडच्या शाखेत राहून ‘गिट मर्ज लातूर’ ही आज्ञा द्यावी. दोघांची सामाईक जुनी प्रत गिट स्वतः शोधून काढते. बदल एकाच बाजूने झाला असेल तर तो स्वीकारते. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर मात्र ते थांबते आणि खुणा करून दोन्ही मजकूर फायलीत ठेवते. निवाडा आपण करायचा, खुणा काढायच्या, मग ‘गिट ॲड’ आणि ‘गिट कमिट’. गोंधळ वाटला तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ म्हणावे, सारे पूर्ववत होते. यादी मात्र साध्या मजकुराची हवी, एका ओळीत एक विद्यार्थी. एक्सेलच्या फायलीत अशा ओळी जुळवता येत नाहीत, ती सी.एस.व्ही. करून घ्यावी.

आम्ही हे करून पाहिले. दोन्हीकडे यादीच्या शेवटी नवी नावे जोडलेली होती, तेथे गिट थांबले. आम्ही दोन्हीकडची नावे ठेवली. एका मुलाची जन्मतारीख दोन्हीकडे निराळी होती. कोणती खरी, हे यंत्र कसे सांगणार? त्याच्या घरी फोन लावला, शाळा सोडल्याचा दाखला मागवला.

पण खरा धडा पुढेच मिळाला. एक मुलगी यादीत दोनदा आली; एकीकडे तिचे नाव ऱ्हस्व, दुसरीकडे दीर्घ. ओळी वेगळ्या असल्याने गिटला त्यात काही वावगे दिसले नाही. यंत्र थांबले नाही म्हणजे यादी बिनचूक झाली, असे कोणी समजू नये. ते अक्षरे जुळवते, माणसे ओळखत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: यादी विहाराच्या वर्गणीची असो, बचत गटाची असो की वसतिगृहाची, जुनी प्रत फेकू नका. आणि एकत्र झालेली यादी पाठवण्यापूर्वी एकाने मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने ऐकावी. प्रत्येक ओळीमागे एक घर असते.

जयभीम.